पैशाच्या ओढाताणीत कुणाचं लिहिलेलं वाचून धीर आला?

पऱ्हाटी (राळेगाव तालुका, यवतमाळ)

पोळा झाला, बैलांचे साज धुऊन खुंटीला लागले, आता जरा बसायला फुरसत मिळाली म्हणून लिहिते आहे.

आमचं पाच एकर कोरडवाहू वावर. पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि मधात तुरीचे तास. गेल्या वर्षी दीड एकरात सोयाबीन होतं, ते ऐन सोंगणीच्या पावसात सापडलं आणि शेंगेतच कोंब फुटले. तेव्हापासून घरात पैशाचा विषय निघाला की हे उठून ओट्यावर जातात आणि मी भांडी घासायला बसते. किती देणं आहे ते दोघांनाही अर्धं-अर्धं माहीत. पूर्ण कुणालाच नाही.

जुलैत गावच्या वाचनालयातून एक जुना दिवाळी अंक आणला. मुखपृष्ठ गेलेलं, पानं सुटलेली. त्यात एका बाईंचा लेख होता. नवरा वारलेला, पिठाची चक्की चालवतात. त्यांनी लिहिलं होतं की दोन वर्षं देणं मोजलंच नाही, कारण मोजायची भीती वाटायची. मग एका रात्री दळणाच्या वहीच्या शेवटच्या पानावर सगळी नावं लिहून काढली. लेख संपतो तेव्हाही त्यांचं कर्ज फिटलेलं नाही. मागायला कुणी आलं की आता त्या दार लावून घेत नाहीत, एवढाच फरक. मी तो लेख तीनदा वाचला.

दुसऱ्या दिवशी चहा ठेवायच्या आधी कॅलेंडरचं जूनचं पान काढलं. कृषी केंद्राचं कॅलेंडर आहे, मागची बाजू कोरी असते. त्यावर लिहिलं: सोसायटीचं पीककर्ज ९०,०००. कृषी केंद्राची उधारी ३४,५००. माझ्या भावाचे हातउसने ४०,०००. बचत गट १५,०००. किराणा ६,२००. एकूण १,८५,७००. माझ्या मनात तीन लाखांच्या वर आकडा बसला होता. मी खाली बसले आणि पहिल्यांदा पोटभर रडले. ते पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे. ह्यांनी पाहिलं, पण काही बोलले नाहीत.

विचारायचं हे आहे की तुम्हाला असं कुणाचं लिहिलेलं कधी उपयोगी पडलं का? पुस्तक, पत्र, वही, काहीही चालेल. मोठ्या माणसाचंच असावं असं नाही.

सुगरण

ताई, वाचताना घशात आवंढा आला. आमच्या कॅलेंडरवर दुधाच्या फुल्या असतात. मागच्या बाजूचा विचारच कधी केला नव्हता.

रोखठोक_अकोट

मले हे पटत नाई. वाचून बोंडअळी मरत नाई अन् भावही वाढत नाई. यंदा २०२५ च्या हंगामाले लांब धाग्याच्या कापसाले हमीभाव जाहीर झाला क्विंटलले ८,११० रुपये, अन् तिकडे ऑगस्टातच ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं. आता बाहेरचा कापूस येईन, मंग खेडा खरेदीवाला आपल्याले काय भाव देईन ते तुमीच सांगा. कास्तकाराले धीर कमी नाई, दाम कमी हाय.

अन् लिहिलेल्याचं म्हणसान तं आमच्या शेजारच्यानं पेपरातली यशोगाथा वाचूनच शेडनेट टाकलं. एका एकरात इतके लाख, असं फोटोसकट छापलं होतं. पाणी कुठून आणलं, माल कुठं इकला, पयल्या साली किती बुडाले, ह्याचा एक शब्द नाई. दुसऱ्या साली वादळात कापड फाटलं. आज सांगाडा उभा हाय वावरात, अन् हप्ते चालू हायेत. असं लिहिणाऱ्याचा राग येते मले.

पऱ्हाटी

रोखठोक दादा, यशोगाथेबद्दल तुमचं शंभर टक्के खरं आहे. मलाही त्या वाचून कमीपणाच वाटतो, की सगळ्यांना जमलं आणि आपल्याला नाही. या बाईंचं तसं नव्हतं म्हणूनच लिहिलं. त्यांनी चक्कीचा पट्टा तुटला त्या महिन्याची कमाईसुद्धा आकड्यात लिहिली आहे.

भावाबद्दल काय बोलणार. ते तर रोजचंच.

मास्तर_वाशीम

विषय आपल्या मातीतलाच आहे. गाडगेबाबांचा जन्म १८७६ चा, शेंडगावचा. वडील व्यसनात गेले आणि बाबा दापुऱ्याला मामाकडे वाढले. मामाची जमीन सावकाराच्या कर्जात कशी अडकली ते त्यांनी कोवळ्या वयात पाहिलं. पुढे आयुष्यभर कीर्तनात सांगत राहिले की कर्ज काढून सण करू नका, देवाच्या नावानं कर्ज काढू नका. ते डोळ्यांनी पाहिलेलं बोलत होते. म्हणूनच समोरच्या माणसाला लागायचं.

बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, हे मला फार मोलाचं वाटतं. आज आपण जे वाचतो ते कुणीतरी समोर बसून टिपून ठेवलेलं. मी ३१ वर्षं शाळेत शिकवलं. दर वर्षी चौथीच्या मुलांना एक काम द्यायचो, घरी जाऊन आजीला विचारा की तुमच्या लग्नात किती खर्च आला आणि तो कुठून आणला. मुलं जे लिहून आणायची ते वाचताना मी कितीदा चष्मा पुसला आहे. एकीनं लिहिलं होतं, ‘आजीच्या लग्नात गावानं ज्वारी दिली, म्हणून कर्ज झालं नाही.’

वैनगंगाकाठ

गुरुजी, त्या वह्या आहेत का अजून?

मास्तर_वाशीम

नाहीत. शाळेची इमारत पाडली त्या वर्षी रद्दीत गेल्या. चूक माझीच. घरी आणायला हव्या होत्या.

झाडीपट्टीकर (वडसा)

पऱ्हाटीताई, तुम्ही पत्र चालेल म्हणालात म्हणून लिहितो. मी नववी ते बारावी नागपूरला वसतिगृहात होतो. आमची दोन एकर धानाची बांधी, आणि उन्हाळ्यात बाबा तेंदूपत्त्याच्या कामाला जायचे. दर महिन्याला मनीऑर्डर यायची. तरुण मंडळींना माहीत नसेल, मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक छोटा तुकडा असायचा. त्यावर पाठवणाऱ्यानं दोन ओळी लिहायच्या. पोस्टमन पैसे मोजून देताना तो तुकडा फाडून आपल्याला द्यायचा.

माझे बाबा चौथी शिकलेले. बोलायला अबोल, पण त्या तुकड्यावर सगळं लिहायचे. माझ्याकडे अकरा तुकडे शिल्लक आहेत. एक समोर ठेवूनच टाइप करतो आहे:

‘रु. १५० पाठवले. ५० कमी आहेत, रोवण्याची मजुरी द्यायची होती. पुढच्या वेळी भरून काढू. पाऊस चांगला आहे. तू जेवणात काटकसर करू नको, वहीत कर.’

त्या पन्नास रुपयांचा हिशेब बापानं पंधरा वर्षांच्या पोराला दिला. मला त्याची लाज वाटली नाही, उलट मी एकदम मोठा झालो. आज नोकरी आहे, पगार आहे. तरी खर्च अंगावर आला की हे तुकडे काढून बसतो.

सुगरण

‘वहीत कर’. बापरे. किती गोड माणूस.

रोखठोक_अकोट

वाचलं. लय चांगलं लिवलं बाप्पा तुमच्या बाबांनं.

नागपुरी_तर्री

आमच्या गल्लीतले पोस्टमनकाका मनीऑर्डर आणली की आधी चहा घ्यायचे आणि मग सही मागायचे. आई म्हणायची, यांच्या पायात लक्ष्मी आहे, चहात साखर जास्त टाक. आणि झाडीपट्टीकर, दिवाळीनंतर वडशाला नाटक बघायला यायचं आहे हो. रात्रभर बसायचं तर ब्लँकेट आणू का?

झाडीपट्टीकर

ब्लँकेटही आणा आणि कानटोपीही. धान मळून झालं की मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, दिवस सुरू होतात, तेव्हा या. गावात एकाच रात्री दोन-दोन नाटकं असतात.

बचतगट_सचिव (वर्धा जिल्हा)

झाडीपट्टीची वाट सोडून जरा मूळ प्रश्नाकडे येते.

आमचा गट १४ जणींचा. मी सहा वर्षं सचिव आहे. गटाचं इतिवृत्त लिहिताना कर्ज कशासाठी हवं ते लिहावं लागतं. आधीच्या सचिवताईंचं अक्षर टपोरं, आणि त्या कारण जसं सांगितलं तसं लिहायच्या. मागे एकदा मी फार खचले होते, घरच्या आजारपणात गळ्यातलं गहाण पडलं होतं. तेव्हा जुनं रजिस्टर चाळत बसले. ‘लेकीच्या बाळंतपणासाठी ३,०००.’ ‘शेळी मेली, दुसरी घ्यायला २,५००.’ ‘दिराचे पैसे तोंडावर मारायला १,०००.’ हे शेवटचं वाचून मी एकटीच हसले. आणि प्रत्येकीपुढे, कधी आठ महिन्यांनी तर कधी दीड वर्षानं, ‘पूर्ण फेड’ असं लिहिलेलं. शेकडा दोननं व्याज भरून सगळ्या सुटल्या होत्या. त्यातल्या कितीजणी आज माझ्यासमोर हसतखेळत बसतात. त्यांनी हे दिवस काढलेत हे मला त्या रजिस्टरनं सांगितलं.

वैनगंगाकाठ

पण ताई, लोकांचे व्यवहार असे वाचणं बरोबर आहे का? माझ्या आईचं नाव त्यात असतं तर मला आवडलं नसतं.

बचतगट_सचिव

प्रश्न रास्त आहे. गटाचं रजिस्टर सदस्यांपुरतं उघडं असतं, बाहेर जात नाही. म्हणून मी इथे ना नाव लिहिलं, ना गाव. पण दिराचे पैसे वाल्या मावशींना मी पुढे सांगितलं, की तुमचं वाचून मला बळ आलं. त्या म्हणाल्या, ‘मंग वाच माय, आणखी दोन पानं हायेत माह्यी.’

मेहकरचा_पुण्यात

मी थोडं वेगळं सांगतो. नोकरी लागल्यावर पैशावरचं बरंच वाचलं. दर महिन्याच्या एक तारखेला इतकं बाजूला काढा, एसआयपी करा, सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा. चुकीचं काहीच नाही, पण बाबांना फोनवर सांगायला गेलो तर ते म्हणाले, ‘बापू, आपल्याकडे एक तारीख वर्षातून दोनदाच येते.’ एकदा सोयाबीनच्या चुकाऱ्याला, एकदा तुरीच्या. आणि खर्च सगळा जूनमध्ये एकदम: बी, खत, शाळेची फी, वह्या-पुस्तकं, सगळंच. पगारदारासाठी लिहिलेलं कास्तकारानं वाचलं तर त्याला वाटतं आपण अडाणी आहोत. तसं नसतं. त्याच्या पैशाची चालच निराळी असते.

मग आम्ही दोघांनी बसून आमचा नियम केला. चुकारा हातात पडला त्याच दिवशी पुढच्या खरिपाचं बी-खत आणि एक डवरणी-निंदणाची मजुरी वेगळ्या खात्यात टाकायची. ते खातं आईच्या नावावर, कार्ड आईच्या डब्यात. उरलं त्यातून देणी. उरलं त्यातून घर. पहिल्या वर्षी जमलं नाही, बहिणीचं लग्न होतं. दुसऱ्या वर्षी निम्मं जमलं. तिसऱ्या वर्षी बी रोखीनं घेतलं. उधारीवर तीच थैली किती महाग पडत होती ते तेव्हा बिल समोरासमोर ठेवून कळलं.

सहकारी_माणूस

हाच मुद्दा पऱ्हाटीताईंच्या यादीला लावतो. मी सोसायटीत काम केलं आहे. पीककर्ज मुदतीत भरलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंत तुम्हाला व्याज पडत नाही. मुदत चुकली की सवलत गेली. म्हणजे तुमच्या यादीतला सगळ्यात मोठा आकडा मुदतीत असेतो सगळ्यात स्वस्त आहे. त्याची फक्त तारीख सांभाळा. खरं महाग आहे ते कृषी केंद्राचं, कारण तिथे व्याज बिलात दिसत नाही, थैलीच्या किमतीत लपतं. हातात पैसा आला की आधी ते.

आणखी एक, हे ज्याच्या उपयोगी पडेल त्याच्यासाठी. परवाना नसलेल्या सावकाराकडे कुणी अडकलं असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते. बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळवायची तरतूदही त्यात आहे. लोक भिडेखातर जात नाहीत. जा.

पऱ्हाटी

दादा, हे मला कुणी असं समजावून सांगितलंच नव्हतं. मी रोज नव्वद हजारालाच घाबरत होते. पानावर पीककर्जापुढे तारीख लिहून ठेवली आत्ताच.

एक_लेक

दोन आठवडे हा धागा वाचते आहे. लिहू की नको असं होत होतं.

माझे बाबा गेले त्याला नऊ वर्षं झाली. त्यांनी स्वतःच आयुष्य संपवलं. यवतमाळच्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे या शेतकऱ्यानं कुटुंबासह १९ मार्च १९८६ ला असंच आयुष्य संपवलं, त्याबद्दल दर वर्षी लिहून येतं, लोक त्या दिवशी उपवास धरतात. मीही धरते. पण माझ्या बाबांबद्दल मला एकच गोष्ट सांगायची आहे. त्यांनी आकडा कुणाला सांगितला नाही. आईला नाही, काकांना नाही. नंतर बँकेचं पासबुक आणि खिशातल्या चिठ्ठ्या जुळवून आम्ही बेरीज केली. एक लाख बेचाळीस हजार. काका अंगणात बसून म्हणत होते, एवढंच होतं तर मी माझा गोऱ्हा विकला असता.

मला माहीत आहे, एवढंच नसतं. भाव, पाऊस, अपमान, सगळं असतं. रोखठोक दादा म्हणतात तेही खरंच आहे. तरी त्या कॅलेंडरच्या पानाबद्दल वाचलं आणि वाटलं, आमच्या घरात असं एक पान असायला हवं होतं.

पऱ्हाटी

लेकी, काय लिहू. तुझ्याजवळ असते तर जवळ घेतलं असतं. लिहिलंस हे फार केलंस.

सहकारी_माणूस

ताई, नमस्कार तुम्हाला. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात असं काही येत असेल तर १४४१६ वर फोन करा. टेली मानस, सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि घरातल्या एका माणसाला तरी आकडा सांगा. आजच.

रोखठोक_अकोट

लेकीचं वाचून दोन दिवस काई लिवलं नाई.

आता मूळ प्रश्नाचं सांगतो, कारण मीही वाचलेलं हाय. मी वीस-बावीस वर्सांचा असताना आमच्या बुवाले, म्हंजे बापाले, बँकेची नोटीस आली होती. बुवा तोंड लपवून फिरे, लग्नातही जेवाले मागच्या पंगतीत बसे. त्या वक्ती शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचं लिहिलेलं हाती आलं. त्यायनं आकडेवार मांडलं होतं का शेतमालाले उत्पादन खर्चच भरून भेटत नाई, मंग कर्ज व्हनारच. मी ते बुवाले वाचून दाखवलं. कंदिलाजवळ बसून, चार रात्री. चौथ्या रात्री बुवा म्हणे, ‘म्हंजे मी उडवले नाईत तं.’ बस, तेवढंच बोलला. दुसऱ्या दिवशी डोक्याले फेटा बांधून बँकेत गेला अन् साहेबासमोर खुर्ची घेऊन बसला.

मंग संघटनेचं लक्ष्मीमुक्तीचं वारं आलं तवा त्यानं दोन एकर मायच्या नावानं करून देलं. गावात हसले लोकं. ते दोन एकर आजही मायचे हायेत, कोनाच्या बापाले हात लावता येत नाई त्याले.

मी भावाचं बोलतो ते म्हणून. पऱ्हाटीताई, तुमच्या चक्कीवाल्या बाईनं तुम्हाले जे देलं तेच आमच्या बुवाले भेटलं. त्याची मान वर झाली. फरक इतकाच का आमच्यावाल्यानं दिल्लीचा हिशेब मांडला अन् तुमच्यावालीनं घरचा. दोन्ही पायजेत.

मास्तर_वाशीम

खुर्ची घेऊन बसला. वा. हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं होतं, तुम्ही ठेवलंत.

वैनगंगाकाठ

रोखठोक काका, तुम्ही एवढं चांगलं लिहिता, मग पहिल्या प्रतिसादात आम्हाला घाबरवलंत कशाला?

रोखठोक_अकोट

सवय हाय पोरी. बाजार समितीत गोड बोलनाऱ्याचं वजन कमी भरते.

पऱ्हाटी

दीड महिन्यानं येते आहे, वेचणीत बुडाले होते. परवा सीतादही केली. धुऱ्याजवळच्या चार झाडांना हळद-कुंकू वाहिलं, दहीभाताचा नैवेद्य दाखवला आणि मग ओटीत पहिलं बोंड घेतलं. पावसानं खालची बोंडं काळी पडली आहेत, वरची बरी आहेत. पहिल्या वेच्यात दोन क्विंटल निघाला. हमीभावाची वाट पाहायला घरात दम नव्हता, म्हणून गावातच ६,६०० नं दिला. रोखठोक दादा, तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. वेचाईचे पैसे दिले, किराण्याचे ६,२०० दिले, उरलेले कृषी केंद्रात भरायला बाजूला ठेवले.

रात्री किराण्याची ओळ खोडायला कपाट उघडलं. पानावर माझ्या अक्षराखाली दुसऱ्या अक्षरात एक ओळ होती. पेन्सिलनं लिहिलेली. ‘जिनिंगवाले हातउसने ८,०००, मागच्या दिवाळीचे. सांगितले नव्हते.’ बेरीजही त्यांनीच बदलली होती, १,९३,७००.

कधी लिहिलं ठाऊक नाही. मी किराणा खोडला आणि त्यांच्या बेरजेखाली वजाबाकी करून १,८७,५०० लिहिलं. आकडा सुरुवातीपेक्षा मोठाच आहे. हे पलीकडे बाजेवर पडून छताकडे पाहत होते, जागेच होते.

सुगरण

मग? रागावलात की काय?

बचतगट_सचिव

अगं, चहा करून दे त्यांना.

पऱ्हाटी

केला. रात्री अकरा वाजता. दोघांनी ओट्यावर बसून घेतला. ते म्हणाले, तुरीला यंदा फूल चांगलं आहे.